अंगणातली भट्टीची माती

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात मला नोकरी लागली.

नोकरी कसली, तर मातीवर लक्ष ठेवायची. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की आमच्या वस्तीला लागूनच एक जुनी पत्र्याची शेड होती. आम्ही तिला भट्टी म्हणायचो. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथं यायच्या. आम्ही त्या कुऱ्हाडीनं फोडायचो, आतलं ॲसिड जमिनीतच ओतायचो, शिसं काढून वितळवायचो आणि त्याच्या लाद्या पाडायचो. मी तिथं एकोणीस वर्षं राबलो. पुढं मालक म्हातारा झाला, भट्टी बंद पडली, शेडचे पत्रे चोरीला गेले आणि जागेवर वेड्या बाभळी माजल्या.

आता तिथं घरं होणार होती. एका बिल्डरनं जागा घेतली होती, पण सरकारनं अट घातली होती की आधी जमिनीतलं शिसं काढा, माती तपासून दाखवा आणि मग पाया खणा. ते काम नीट होतंय का हे बघायला पुण्याहून एक इंजिनिअर बाई आली. माझ्या नातीच्या वयाची म्हणावी अशी, डोक्यावर पांढरी टोपी, पायात गुडघ्याएवढे बूट. वस्तीत कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून ती थेट माझ्या दारात आली.

"आबा, भट्टीत काम केलेले तुम्ही एकटेच राहिलात म्हणे?"

"एकटाच. बाकीचे गेले."

"मग राख कुठं टाकायचे, ॲसिड कुठं सोडायचे, ते दाखवाल मला?"

मी म्हणालो, "दाखवतो की. पण मी सांगीन तितं खणायचं. मागनं कुणी म्हातारा येडा हाय म्हणलं तर मी चाललो घरी."

ती हसली. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. मला एक पिवळं जाकीट दिलं, फाटकाजवळ एक खुर्ची दिली आणि एक चिठ्ठ्यांचं पुस्तक दिलं. माती भरलेला टिपर बाहेर निघाला की त्यावर ताडपत्री बांधलीय का, चाकं धुतलीत का ते बघायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. ही माती लांब, सरकारनं ठरवून दिलेल्या खड्ड्यात जायची. फाटकातून एक घमेलंसुद्धा दुसरीकडं जाता कामा नये, हे माझं काम. मी चौथीत दोनदा बसलो आणि सुटलो. हे लिहितोय तेसुद्धा अडत अडत. पण सही मला झोकात येते. ती सही मी रोज करायचो आणि घरी जाताना जाकीट मुद्दाम अंगावर ठेवून वस्तीतनं चालत जायचो.

आमच्याकडं एक रीत आहे. कुठंही खोदकाम निघालं, विहीर असो की तळं की कुणाचा पाया, की निघालेली माती मागायला लोक येतात. कुणाला परसात टाकायला, कुणाला बांधाला, कुणाला खड्डा बुजवायला. मातीला कुणी नाही म्हणत नाही. त्यामुळं फाटकावर रोज कोणीतरी उभंच.

"आबा, दोन पाट्या द्या की. वांगी लावायचीत."

"न्हाय."

"आवं, माती तर हाय. सोनं मागतोय व्हय आमी?"

"सोनं असतं तर दिलं असतं. ह्यात शिसं हाय. तुझी वांगी खाऊन पोरं मरतील."

"लई शाना झाला म्हातारा. जाकीट काय घातलं, कलेक्टरच झाला."

मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

कामाची पद्धत अशी होती. बाईनं सगळ्या जागेवर चुन्यानं चौकोन आखले होते. एकेका चौकोनातली माती आधी पाणी मारून ओली करायची, धूळ उडू नये म्हणून. मग जेसीबीनं वरचा थर काढायचा. मग बाई खाली उतरायची आणि बंदुकीसारखं एक यंत्र मातीला टेकवायची. यंत्रावर आकडा यायचा. आकडा जास्त आला तर आणखी खणायचं, कमी आला तर चौकोनावर हिरवं निशाण रोवायचं. मी तिच्या मागं मागं फिरायचो. सगळे खड्डे मी दाखवले. कुठं ॲसिड मुरायचं, कुठं राख पडायची, कुठं बॅटऱ्यांची खोकी पुरली, सगळं.

एका कोपऱ्यात लिंबाचं झाड होतं. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, तिथं काही नाही, वरची माती चांगली आहे, निशाण लावून टाका. मी म्हणालो, झाडाच्या अंगाला पुरुषभर खाली खोकी आहेत, मी माझ्या हातानं पुरलीत. मुकादम म्हणाला, "आबा, तुमाला काल काय खाल्लं ते आठवंना, तीस वर्षांमागचं काय सांगताय?" मी उठलो. खुर्ची उचलली, त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि जेसीबीच्या समोर बसलो. दुपारपर्यंत उठलो नाही. शेवटी बाई म्हणाली, खणा. पुरुषभर नाही, छातीभर खणल्यावरच काळी खोकी लागली, एकावर एक. बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, तुम्ही नसता तर या खोक्यांवर कुणाचं तरी स्वयंपाकघर झालं असतं." मुकादमानं मला चहा आणून दिला. त्या दिवशी माझ्याएवढा मोठा माणूस बारामती तालुक्यात नव्हता.

त्याच आठवड्यात माझा मेहुणा आला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या पलीकडं राहतो, डाळिंब करतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली तरी तो वर्षातनं दोनदा भाचीला भेटायला येतो. ह्या खेपेला बारामतीच्या मार्केट यार्डात माल टाकून रिकामा ट्रॅक्टर घेऊन परत निघाला होता. फाटकाशी थांबला.

"दाजी, राम राम. ट्रॉली रिकामी चाललीय. रोपांच्या खड्ड्यात टाकायला माती द्या थोडी."

"हितली माती मिळत न्हाय."

"मलाबी?"

"तुलाबी."

तो खाली उतरला, हसत हसत म्हणाला, "आमी आमची बहीण दिली तुमाला. तुमी माती देईना."

मी पण हसत हसतच बोललो. हे वाक्य माझ्या तोंडात इतक्या वर्षांचं बसलेलं होतं की ते यायला वेळ लागत नसे. "बहीण दिली, आन् तिच्या संगं तुमच्या घराण्यातलं डोकंबी दिलं. घरात बसलीय की वाटी घेऊन."

त्याचं तोंड उतरलं. दरवेळी उतरायचं. तो ट्रॅक्टरवर चढला आणि माझ्या घराकडं गेला, भाचीला भेटायला.

आता पोरीचं सांगायला पाहिजे. मला एकच लेक. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. लग्न झालं नाही. शाळेत दुसरीच्या पुढं गेली नाही. चार वर्षांची होईतो बोलली नाही. तिला एक गोष्ट सांगितली की ती गोष्ट तिला होते, दोन सांगितल्या की गोंधळते आणि रडायला लागते. मनानं मात्र गायीसारखी. आईनं तिला सडा, सारवण आणि रांगोळी शिकवली होती, आणि तेवढं ती रोज, एक दिवस न चुकता करायची. आई गेल्याच्या तेराव्याच्या सकाळीसुद्धा तिनं अंगण सारवलं होतं. बाकी सगळा दिवस ती त्याच अंगणात बसून वाटीत तांदूळ घेऊन निवडायची. तेच तांदूळ परत परत.

ती अशी का, हे मला कुणी विचारलं की मी बायकोच्या माहेराकडं बोट करायचो. बायकोचा एक चुलता थोडा भोळा होता. मला तेवढं पुरलं. लग्नाकार्यात, पंगतीत, तिच्या भावासमोर, तिच्या आईसमोर मी ते बोललो. बायको मान खाली घालून वाढत राहायची.

मेहुणा येऊन गेल्यावर दोन दिवसांनी सकाळी बाईनं सगळ्या मजुरांना गोळा केलं. काही जण कामावरच्या कपड्यांनीच घरी जात होते म्हणून ती चिडली होती. नियम असा होता की इथंच आंघोळ करायची, कपडे इथंच ठेवायचे, बूट इथंच ठेवायचे.

मी खुर्चीवरनं म्हणालो, "मॅडम, आमी एकोणीस वर्षं त्याच कपड्यानं घरी गेलो. काय झालं आमाला?"

लोक हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मोठ्या माणसाला उशिरा होतं, आबा. पहिलं लहान मुलाला होतं. रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. शिसं पोटात गेलं की मेंदूची वाढ खुंटते. मूल उशिरा बोलतं, शिकत नाही, मागं पडतं. बाहेरनं काही दिसत नाही. आईबापांना वाटतं, जन्मतःच असं आहे."

मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या घरी लहान मूल होतं का तेव्हा?"

"एक पोरगी."

"कशी आहे ती?"

"बरी हाय," मी म्हणालो.

त्या दिवशी किती टिपर गेले, किती सह्या केल्या, मला आठवत नाही.

भट्टीत एक काळी भुकटी निघायची. वितळलेल्या शिशावर जो मळ यायचा, तो गार झाला की त्याची बारीक, जड माती व्हायची. ती शेणात कालवून सारवलं की जमीन फरशीसारखी गुळगुळीत व्हायची. भेग पडायची नाही, मुंगी फिरकायची नाही, वाळवी लागायची नाही. ही अक्कल माझी. मी रोज जेवणाच्या डब्यात भरून ती भुकटी घरी न्यायचो. नवीन घर होतं, तेव्हा ओटा, दोन्ही खोल्या आणि अंगण, सगळीकडं तीच घातली. बायामाणसं बघायला यायची, आणि मी दारात उभा राहून सांगायचो की असं अंगण पाटलाच्या घरी नाही.

पोरगी त्याच जमिनीवर रांगली. ओट्याची कड चाटायची. बोट ओलं करून जमिनीवर घासायची आणि बोट तोंडात.

बायकोनं मला सांगितलं होतं. एकदा नाही. "आवं, पोरीच्या तोंडात जाती ही माती. तिचं पोट दुखतंय, रातभर कण्हती. दुसरी माती आणा."

मी म्हणालो, "सगळ्याच पोरी माती खात्यात."

एकदा ती माहेरी गेली आणि येताना तिकडची पांढरी माती घेऊन आली. त्यांच्या जुन्या घराच्या मागं एक पडकी भिंत आहे, तिची माती. पोतंभर माती, एसटीच्या टपावर टाकून, कडेवर पोर घेऊन. फाट्यावरनं घरापर्यंत ते पोतं तिनं डोक्यावर आणलं होतं. मी संध्याकाळी आलो तर ती शेणात कालवत बसली होती. माझं डोकं फिरलं. माझ्या आणलेल्या मातीत खोट काढली, असं मला वाटलं. मी ते पोतं उचललं आणि रस्त्यावर नेऊन ओतलं. म्हणालो, "तुझ्या माहेरची माती माझ्या घरात नको." ती तिथंच बसून राहिली, हात शेणाचे. त्यानंतर ती मातीबद्दल बोलली नाही. जोवर भट्टी चालू होती तोवर माझीच भुकटी तिनं सारवली, आणि पुढं खोल्यांत नि ओट्यावर फरशी बसली तरी पोरीला त्याच अंगणावर सारवायला शिकवलं.

बाई जे बोलली ते ऐकून मी चार दिवस तसाच फाटकावर सह्या करत राहिलो. मनाशी म्हणत होतो, ही शिकलेली पोर, पुस्तकातलं बोलती. माझी पोर तर जन्मापासनंच तशी. पण मला तिचे पहिले महिने आठवायला लागले. पाळण्यात होती तेव्हा माझा आवाज आला की मान वळवायची. हसायची खळखळून. सहाव्या महिन्यात बसली, वेळेवर. रांगायला लागली, तिथपर्यंत ठीक होती. हे मला कायम ठाऊक होतं. मी ते कधी एका जागी आणलं नव्हतं, इतकंच.

पाचव्या दिवशी काम सुटताना मी बाईजवळ गेलो. मागणं मला कधी जमलं नाही. जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही, त्याचा मला ताठा. मी म्हणालो, "मॅडम, ती बंदूक कुंपणाच्या भाईर चालती का?"

"चालते की. का?"

"माझ्या अंगणात लावा."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि यंत्र उचललं. आम्ही दोघं चालत घरी आलो. पोरगी अंगणात वाटी घेऊन बसली होती. पाव्हणी बघून उठली, पदर सारखा केला.

"तात्या, ह्या कोण?"

"मॅडम हायत. पुण्याच्या."

"च्या करू?"

"कर."

पण ती गेली नाही, यंत्राकडं बघत उभी राहिली. "ह्यात फोटो निघतो का?"

बाई म्हणाली, "फोटो नाही हो ताई. माती कशी आहे ते कळतं."

"माती चांगली हाय. मी रोज सारवती."

बाईनं यंत्र आधी दारापाशी टेकवलं. मग तुळशीजवळ. मग जिथं पोरगी बसते तिथं. तिथं ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मी आकडा बघितला. आकडे मला कळत नाहीत असं नाही. महिनाभर तिच्या मागं फिरून कुठल्या आकड्याला जेसीबी लागतो ते मला पाठ झालं होतं. लिंबाच्या झाडाखाली आला होता तसाच आकडा.

बाई उठली. हळू बोलली. "आबा, वरची फूटभर माती काढावी लागेल. हे कुंपणाबाहेर आहे, माझ्या कामात बसत नाही, पण मी आजच लिहून वर पाठवते. माझी माणसं ओलं करून काढतील. तुम्ही कोरडं खणू नका. तोवर ताईंना इथं बसू देऊ नका. झाडू नका, सारवू नका. आणि त्यांचं रक्त तपासून घ्या."

मी विचारलं, "ती ह्यामुळंच अशी झाली का?"

"ते आता कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. रक्त आजचं सांगतं, तेव्हाचं नाही."

"मला न्हाय समजावायचं, मॅडम. खरं सांगायचं."

ती खाली बघत म्हणाली, "असू शकतं, आबा."

पोरीनं चहा आणला. बाईनं कप घेतला, पिऊ का नको असं क्षणभर झालं तिला, ते मी बघितलं. मग तिनं तो प्यायला. पोरीला म्हणाली, फार छान झालाय. माझी पोरगी लाजली.

बाई गेल्यावर मी ओट्यावर बसलो. भिंतीवर बायकोचा फोटो आहे, त्याकडं मी बघितलं नाही. मी सगळ्या तालुक्याची माती अडवून धरली होती. कुणाला पाटीभर नेऊ दिली नाही. आणि डब्यात भरून, जेवणाच्या डब्यात भरून, मी ती माझ्या घरात आणली होती, आणि जिनं ओळखलं तिला आयुष्यभर मान वर करू दिली नाही. ती असती तर मी तिच्या पाया पडलो असतो असं लिहावंसं वाटतं. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. ती असती तर कदाचित मी बाईला घरी आणलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी रोजच्यासारखी शेणाची बादली घेऊन बाहेर आली. मी तिच्या हातातनं बादली काढून घेतली. ती घाबरली. "तात्या, सारवायचं हाय." मी म्हणालो, "आज मामाकडं जायचं." एकच गोष्ट सांगितली, म्हणून तिला कळली. तिनं नवीन लुगडं नेसलं. मी एक रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं आणि आम्ही इंदापूरच्या पहिल्या एसटीत बसलो. जाकीट मी घरीच ठेवलं होतं.

मेहुणा डाळिंबाला पाणी सोडत होता. आम्हाला बघून लगबगीनं बांधावर आला. "दाजी? काय झालं? आसं अचानक?"

मी पोरीला घरात पाठवलं. मग बांधावर उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. डबा, भुकटी, ओटा, बंदूक. आणि शेवटी म्हणालो, "तुमच्या घराण्यात काय न्हवतं. माझ्यामुळं झालं. मी तुमाला आन् तिला उगंच बोललो."

तो हातातल्या पाइपकडं बघत होता. पाणी एकाच झाडाला चाललं होतं. मग म्हणाला, "आक्का म्हणाली हुती मला. ते पोतं तुमी ओतलं त्या वर्षी. भट्टीच्या मातीनं माझी पोर वाया गेली म्हणाली. मी निघालो हुतो तुमच्याशी भांडायला. तिनंच आडवलं. म्हणली, त्यांना कळलं तर ते जीव देतील, गप बस."

मी काखेतलं पोतं काढलं आणि म्हणालो, "अंगण खणायचंय. त्यात घालायला तिची पांढरी माती पाहिजे. दे म्हणतोय."

"मी भरून देतो, बसा तुमी."

"नको," मी म्हणालो.

त्यानं खोरं आणून दिलं. घरामागची ती पडकी भिंत अजून आहे, कमरेएवढी. तिच्या बुडाशी मी खाली बसलो आणि पोतं भरायला लागलो.